कडेने की मधून

दहावीच्या परीक्षेत भूगोलाचा पेपर अगदी शेवटी येतो. तोवर मुलांची भीती गणित-विज्ञानावर खर्च होऊन गेलेली असते, उरते नुसती घाई. नालासोपाऱ्याजवळच्या मनवेलपाड्यातल्या आमच्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून ती भराभर म्हणत असतात, भारत उत्तर गोलार्धात, ब्राझीलचा बहुतेक भाग दक्षिण गोलार्धात. भारतात हिमालय, ब्राझीलमध्ये बर्फाचे डोंगर नाहीत. दोन देश, मधे एक उभी रेघ. अभ्यासक्रम बदलतो, देश बदलतात, रेघ तीच राहते. ती आखायला मी इतकी वर्षं शिकवते आहे आणि तिच्यावरच माझं घर चाललं आहे, त्यामुळे तिला नावं ठेवणार नाही.

"टीचर, साम्य एकच लिहू का?" परवा मागच्या रांगेतून आवाज आला. "दोन्हीकडे पावसात ग्राउंड फ्लोअरवाले वर राहायला जातात."

सगळे हसले. मीही हसले असते. पण माझं लक्ष टेबलावरच्या फोनकडे होतं, आणि सध्या ते कायम तिथेच असतं. माझी नात आभा, पाच वर्षांची, गेल्या आठवड्यात फिनलंडला परत गेली. तिच्या घरासमोरचं तळं अजून गोठलेलं आहे, आणखी महिनाभर तरी राहील. तिच्या बालवाडीतली मुलं त्या तळ्यावर खेळायला जातात. आणि ती इथून निघण्याआधी तिच्या आजोबांनी तिला कुठून चालायचं ते इतकं पक्कं पढवलं आहे, की ते आठवून पोरगी बर्फावर उतरली तर बुडेल. हे मी वाढवून सांगत नाही. त्याच तळ्यावर आम्ही दोघं काय करून बसलो होतो, ते मला माहीत आहे.

चार वर्षं झाली त्याला. आभा तेव्हा वर्षाची होती, मृणालची, म्हणजे माझ्या मुलीची, रजा संपली होती. मुलाला सांभाळायला आजी लागते हे फिनलंडमध्येही खरं आहे, फक्त तिथे आजी विमानाने मागवावी लागते. मार्चमध्ये आम्ही गेलो. क्लासच्या मुलांचा पेपर झाला त्याच आठवड्यात निघालो, म्हणून तो काळ माझ्या डोक्यात परीक्षेलाच चिकटून राहिलाय. प्रश्नपत्रिका घडी घालून पर्समध्ये तशीच राहिली होती.

पहिले काही दिवस मला काय खटकतंय तेच कळेना. थंडीची तयारी केली होती, थंडी ठीक होती. मग लक्षात आलं, तिथे वास नाही. आपल्याकडे डोळे मिटून सांगता येतं कुठे आहोत ते. राजोडीला सुकत घातलेली मासळी, वसईच्या बाजूला वाड्यांमधून पाटाचं पाणी आणि सोनचाफा, नालासोपारा आलं की गटार, तळण आणि माणसं. तिथे दार उघडलं की नाकात नुसती स्वच्छ, कोरी धार शिरायची. हिवाळाभर सगळे वास गोठून पडलेले असतात म्हणे. ज्या जागेला वास नाही, तिथे धोक्याचाही वास येत नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

ऊनही निराळं. भर दुपारी सूर्य आपल्या इथल्या संध्याकाळइतका खाली. माणसाच्या पायाशी त्याची सावली लांबच लांब पडलेली, जणू दिवस सुरू होतानाच संपायला आलाय. आणि जमीन? मृणालचा नवरा सांगत होता की तिथली जमीन अजून वर येते आहे. फार पूर्वी तिच्यावर बर्फाचं जाड ओझं होतं, ते उतरलं, तेव्हापासून ती हळूहळू, केसाकेसाने उठते आहे. किनाऱ्यावरच्या लोकांना नवी जमीन आपोआप मिळते. आमच्या नालासोपाऱ्याला एकेकाळी गलबतं लागायची. मग गाळ भरला, बंदर गेलं, जमीन झाली, जमिनीवर इमारती झाल्या, आणि आता दर जुलैत समुद्र आपली जागा विचारायला जिन्यापर्यंत येतो. तिकडे वर, इकडे खाली. तक्त्यात छान बसलं असतं.

माझा नवरा मात्र पहिल्या दिवसापासून खुशीत होता. त्याचं कारण खिडकीतून दिसणारं तळं.

तो खाडीकडच्या गावातला. त्यांचं मिठागर होतं, भावाभावांत वाटे पडून आता नावापुरतं राहिलंय. जन्मल्यापासून त्याने एकच ऋतू खरा मानला, मीठ पिकण्याचा. उधाणाचं पाणी आत घ्यायचं, एका चौकोनातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकवायचं आणि उन्हाच्या हवाली करायचं. माघ-फाल्गुनात पाणी दाट होतं, चमकायला लागतं, आणि एके दिवशी पांढरं पडतं. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे पांढरी जमीन म्हणजे नापीक जमीन. लग्नानंतरच्या पहिल्याच फाल्गुनात सासऱ्यांनी मला ते पांढरं शिवार हौसेनं दाखवलं, तर मला वाटलं की यांचं सगळं पीक जळलं.

त्या दिवशी मी बांधावरून खाली उतरून सरळ मधे निघाले होते. पलीकडे जायचं तर माणूस सरळच जाणार. नवऱ्याने मागून दंड धरला. एरवी शहरात माझ्याशी छापील बोलणारा माणूस एकदम घरच्या बोलीत ओरडला,

"कडंन चाल गो! मदी पानी हाय!"

मधे पाणी नव्हतं. वर पांढरी कोरडी खपली होती. पण त्या खपलीखाली लोण्यासारखा चिखल असतो, आणि जे मिठागर वापरात नसतं तिथे तो किती खोल ते कुणालाच माहीत नसतं. कडेची माती पायांनी तुडवून तुडवून घट्ट झालेली असते. म्हणून कडेने. ऊन जितकं तापेल तितकी जमीन भरवशाची, आणि कड नेहमी मधल्यापेक्षा भरवशाची. त्या गावातलं पोर हे चालायला लागण्याआधी शिकतं. मी तिशीच्या आत शिकले आणि मुलीच्या जातीला साजेसं आयुष्यभर पाळलं.

फिनलंडचं ते तळं पाहून नवरा म्हणाला, "बघ, केवढं मोठं मिठाचं आगर." चेष्टेत म्हणाला. पण शरीर चेष्टा समजत नाही. ते पांढरं सपाट मैदान, त्यावरचं तिरपं ऊन, कडेचं वाळलेलं गवत बघून त्याचे पाय घरी आले होते.

तळ्यावरून पलीकडच्या गावाला जायला एक मळलेली वाट होती. लोक पायी, बुटांना लावलेल्या लांब घसरपट्ट्यांवर, मुलांच्या गाड्या ढकलत सरळ मधून जायचे. आम्हीही मृणालबरोबर दोनदा जाऊन आलो होतो. दोन्ही वेळा मी मृणालचा हात सोडला नाही. पायाखाली कधीकधी आवाज यायचा. तडकण्याचा नव्हे, खोल, लांबून आल्यासारखा, एखाद्या मोठ्या जनावराने झोपेत कुशी बदलावी तसा. मृणाल म्हणायची, "आई, आवाज आला की चांगलं असतं. बर्फ जाड आहे." या उत्तराने माझी भीती कशी कमी होणार होती, मला माहीत नाही.

मार्च संपत आला. एके दुपारी ऊन छान पडलं. छतांवरून पाणी टपकायला लागलं. आभा झोपली होती, मृणाल त्या दिवशी घरून काम करत होती, म्हणाली, पाय मोकळे करून या. आम्ही निघालो. मळलेल्या वाटेने थोडं आत गेलो आणि नवरा थांबला. मधला बर्फ त्याला ओलसर वाटला, वर पाण्याचा पातळ थर चमकत होता.

"आज ऊन आहे," तो म्हणाला. "कडेची बाजू एव्हाना घट्ट झाली असेल. तिकडून वळून घरी जाऊ."

किती शहाणं वाक्य. त्यातला शब्दन् शब्द वसईत खरा आहे.

आम्ही वाट सोडली. वाळलेल्या लव्हाळ्याच्या बाजूने, किनाऱ्याला धरून चालायला लागलो. तो पुढे, मी मागे. किनाऱ्यावर एक म्हातारी कुत्र्याला फिरवत होती. तिने हात वर करून हलवला. नवऱ्यानेही हलवला. ती आणखी जोरात हलवायला लागली, दोन्ही हातांनी, आणि काहीतरी ओरडली.

"प्रेमळ आहेत लोक," नवरा म्हणाला.

मग ती हाताने आम्हाला ढकलल्यासारखं करायला लागली. तिकडे, तिकडे. किनाऱ्यापासून लांब. तळ्याच्या मधे.

"वेडी आहे का ही?" मी म्हटलं. "मधे जा म्हणते."

"जाऊ दे. आपण कडेनेच जाऊ."

हे त्याचं शेवटचं वाक्य, आणि मग तो नव्हता. आवाज अगदी छोटा झाला, ओला पापड मोडावा तसा. माझ्यासमोर काळं पाणी होतं आणि त्यात त्याची टोपी.

भीती वाटली, असं मी लिहिणार होते. पण त्या क्षणी भीतीला जागाच नव्हती. डोकं रिकामं, कानात नुसतं स्वच्छ काहीतरी वाजत होतं. मी एक पाऊल पुढे टाकलं. तो वर आला, छातीइतक्या पाण्यात, तोंड उघडं, श्वास आत जाईना की बाहेर येईना. आणि पहिला श्वास मिळाल्याबरोबर तो माझ्यावर खेकसला.

"आडवी पड! पड आडवी!"

मी पडले. मृणालच्या महागड्या कोटात, पोटावर. नवरा हात पसरून बर्फावर छाती टेकवायला लागला. कड मोडली. पुन्हा टेकवली. पुन्हा मोडली. पाय मागे मासळीसारखे झाडत होता. खाडीच्या चिखलात रुतलेला माणूस उभा राहायला गेला तर संपला, आडवा झाला तर सुटतो, हेही त्याला चालण्याआधी शिकवलेलं होतं. चौथ्यांदा की पाचव्यांदा कड टिकली आणि तो घसरत, पोटावर, माझ्याकडे आला. त्याच्या भुवया पांढऱ्या झालेल्या मला दिसल्या. मी त्याची बाही दातांनी धरली होती, हे मला नंतर घरी कळलं, लोकर दातांत अडकली होती म्हणून.

म्हातारीने मळलेल्या वाटेकडे बोट दाखवलं. आम्ही तिकडे सरपटत गेलो, किनाऱ्याकडे पाठ करून, तळ्याच्या मधे. जमीन हाकेच्या अंतरावर होती आणि जगायचं तर तिच्यापासून लांब जायचं होतं. माझं सगळं अंग नाही म्हणत होतं.

त्या लव्हाळ्यातून एक ओढा तळ्यात उतरतो. वाहत्या पाण्यावर आणि लव्हाळ्याभोवती बर्फ हिवाळाभर पातळ राहतो, आणि वसंत आला की कड आधी सुटते, मधला भाग शेवटी. ऊन पडलं की जमीन घट्ट होत नाही, जमीनच राहत नाही. मृणालने हे रात्रीच्या जेवणाआधी रडत, ओरडत सांगितलं. नवरा गरम पाण्यात पाय घालून बसला होता. तो एवढंच म्हणाला, "मग ऊन कशाला पडतं इथे?"

तेव्हापासून दर मार्चमध्ये माझी झोप पातळ होते. ते स्वाभाविक आहे, मी त्याचं कौतुक करत नाही. दिवसा क्लास घेते, फॅनखाली मुलं बसलेली असतात, बाहेर ऊन मनवेलपाड्याचं डांबर मऊ करत असतं, आणि माझ्या पोटाखाली गार सपाट काहीतरी असतं. मुलं म्हणतात, हवामानावर परिणाम करणारे घटक. अक्षांश, उंची, समुद्रसान्निध्य. मी मान हलवते. माणसावर परिणाम करणारे घटक कोणी विचारत नाही.

यंदा मृणाल आभाला घेऊन महिन्यासाठी आली. पोरगी मराठी सुरेख बोलते, फक्त सगळं हळू आवाजात. तिकडे कोणी ओरडत नाही. तिने आमच्या गच्चीवरून टाक्या मोजल्या, वसईची केळी खाल्ली, वडापाव नाकारला. एका संध्याकाळी नवरा आम्हाला घेऊन गावाकडे गेला. त्यांचा जुना चौकोन आता कोणी पिकवत नाही. बांधावर उभं राहिलं की समोर सगळं पांढरं, लांबवर इमारतींची रांग.

आभाने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. आमच्या देशात पहिल्यांदाच तिला ओळखीचं काही भेटलं होतं.

"बर्फ!" ती म्हणाली, आणि पळाली.

तिला बालवाडीत शिकवलंय, कडेला थांबायचं नाही, गवताजवळ जायचं नाही. ती आज्ञाधारक मुलगी आहे. ती सरळ मधे गेली.

मांडीपर्यंत रुतली ती. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर लोक हसले असते. मीही हसले असते. शेजारच्या मिठागरातला माणूस लांबून ओरडलाही, "अरे काका, नात पेरली काय?" पण मी बांधावर उभी होते आणि मला चिखल दिसत नव्हता, मला काळं पाणी दिसत होतं. नवरा पोटावर पडून तिच्याकडे सरकत गेला. तिला काखेत धरून उपसून काढली. तिची एक चप्पल आतच राहिली. ती रडली नाही. आजोबांच्या तोंडाकडे बघून तिला रडायचं सुचलं नसेल. एवढा पांढराफटक चेहरा मी एकदाच पाहिला होता.

घरी आल्यावर तो तिला पढवायला लागला. मी त्याला दोष देत नाही. घाबरलेला पुरुष एक तर ओरडतो नाहीतर शिकवतो.

"कुठून चालायचं?"

"कडेने."

"मधे काय असतं?"

"चिखल."

"मोठ्याने!"

दोन आठवडे हा खेळ चालला. पोरीला तो फार आवडला. स्वयंपाकघरात जाताना भिंतीला खांदा लावून जायची, गॅलरीत कठड्याला धरून. बाजारात दुकानांच्या पायऱ्यांना चिकटून चालायची आणि माझा हात ओढायची, "आजी, मधे नको, कडेने." क्लासच्या मुलांनी तिला पाहून टाळ्या वाजवल्या. मीही तिला लाडू दिला.

निघायच्या दिवशी दुपारी बॅगांची चेन ओढताना मृणाल सहज म्हणाली, "बरं झालं वेळेवर पोचतोय. बुधवारी त्यांची शाळा तळ्यावर नेणार आहे. बर्फ जायच्या आत."

माझ्या हातातला लोणच्याचा डबा तसाच राहिला. आभा बॅगेकडे येत होती. भिंतीच्या कडेकडेने.

मी तिला मांडीवर घेतलं. खाली गाडीवाला हॉर्न मारत होता.

"आभा, नीट ऐक. तिकडे गेल्यावर कडेने चालायचं नाही. तिकडे मधून."

"आजोबा म्हणाले कडेने."

"ते इकडचं. इकडे कडेने, तिकडे मधून."

"आणि विमानतळावर?"

"विमानतळावर कुठूनही."

"पण आजोबा नेहमी म्हणाले. नेहमी कडेने."

नवरा दारात उभा होता, दोन्ही हातांत बॅगा. तो बॅगा घेऊन जिना उतरायला लागला.

"आई, अगं तिकडे टीचर असतात सोबत," मृणाल म्हणाली. "आणि ही पाच वर्षांची आहे, तिला दोन गोष्टी लक्षात राहतात." मी एकेका गोष्टीसाठी पंधरा वर्षांच्या मुलांकडून वीस वेळा घोकून घेते. मला माहीत आहे किती राहतं. आणि शब्द राहोत न राहोत, मी बिछान्यात पडून विचार करते, पाय काय करतील? माझ्या नवऱ्याच्या पायांना साठीच्या तोंडाशी नवा देश समजला नाही. या पोरीच्या पायांत आता दोन देश भरलेत आणि ते एकमेकांना खोडून काढतात.

मंगळवारी मी मृणालला फोन करून सांगितलं की आभाला तळ्यावर पाठवू नकोस. ती चिडली. सगळं आभाच्या शिक्षिकेला समजावून सांगितलंय म्हणाली. बुधवारी क्लास होता. शेवटची उजळणी. मी फळ्यावर उभी रेघ मारली, डावीकडे भारत लिहिलं आणि उजवीकडे काय लिहायचं ते मला क्षणभर आठवेना. समोरच्या मुलीने दबक्या आवाजात सांगितलं, "ब्राझील, टीचर."

फोन दुपारी वाजला. मुलांसमोरच घेतला. मृणाल तळ्याच्या काठावरून बोलत होती, कामावरून वेळ काढून स्वतः गेली होती, म्हणजे तिलाही धीर नव्हता. तिने फोन फिरवून तळं दाखवलं. रंगीत कपड्यांतली पोरं लांब, मधोमध, घसरगाड्या ओढत होती, त्यांचा आवाज पक्ष्यांसारखा येत होता. काठावर, बर्फ सुरू व्हायच्या अलीकडे, जमिनीवर, लाल टोपीतली आभा एकटी उभी होती.

"उतरतच नाही," मृणाल म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "अर्धा तास झाला. शिक्षिका झाली, मी झाले. मागच्या महिन्यापर्यंत सगळ्यांच्या पुढे पळायची. विचारलं तर म्हणते, मला कुठून जायचं ते माहीत नाही. काय केलंत तुम्ही तिचं?"

"तिला दे फोन," मी म्हटलं.

स्क्रीनवर तिचं नाक आलं, थंडीने लाल झालेलं.

"आजी," ती म्हणाली, "मी इथेच उभी आहे."

मला वाईट वाटायला हवं होतं. पोरगी आपल्याच देशात पाय टाकायला भिते, आणि ते आम्ही केलं. पण वाईट काही वाटलं नाही. गेल्या आठवडाभरात पहिल्यांदा माझा श्वास पोटापर्यंत खाली गेला.

"बरं केलंस," मी म्हटलं. "उभी राहा."